पी.टी.चा तास आणि भाताची खाचरे

शाळेतील शारीरिक शिक्षणाचा इतिहास सांगताना आपण बहुधा पुणे आणि अमरावतीपाशी थांबतो. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी काढलेले महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे. संस्था तिथे, म्हणून कागदही तिथेच. पेण-रोह्याकडची पाचवी ते आठवीची मुले पी.टी.च्या तासाला काय करीत, हे मी शोधू लागलो तेव्हा कागदांआधी मला पावसाकडे पाहावे लागले.

आमच्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस. जूनमध्ये शाळा उघडते आणि त्याच महिन्यात पटांगणाचा चिखल होतो. तो वाळेपर्यंत सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी येते. उरले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यात स्नेहसंमेलन, सहल, २६ जानेवारीची कवायत आणि पुढे वार्षिक परीक्षेची घाई.

१९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. कैवल्यधामचे स्वामी कुवलयानंद यांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षणासाठी समिती नेमली गेली आणि १९३८ मध्ये कांदिवलीला शिक्षक घडवणारी सरकारी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. हे काम मोठेच होते. तोवर बऱ्याच शाळांत व्यायाम म्हणजे एखाद्या निवृत्त शिपायाने करून घेतलेली कवायत. आमचा तेव्हाचा कुलाबा जिल्हाही याच इलाख्यातला. पण माझे मत असे की, सुधारणेने शिक्षक तयार केला, तो कोणत्या जमिनीवर उभा राहणार हे पाहिले नाही. वर्षभराचे तास कोरड्या मैदानाच्या हिशेबाने मांडले गेले.

आमचे मैदान दुसरीकडे होते. भातकापणी आणि झोडणी उरकली की खाचर रिकामे होई. ढेकळे फोडायची, पाणी मारायचे, चोपण्याने चोपायचे, राखेने रेघा ओढायच्या, की झाले हुतूतूचे क्रीडांगण. या खेळाला ना चेंडू लागतो ना बूट. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या मंडळींनी जगाला दाखवला तोच हा खेळ, आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी या नावाने पदकाचा झालेलाही हाच. पेणच्या खारेपाटातल्या आगरी-कोळी पोरांना तो कोणी तासाला बसवून शिकवला नाही.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी आठवीत होतो. पी.टी.चा तास शेवटचा. बाहेर पाऊस, म्हणून गणिताचे सर खडू घेऊन येत. पाऊस संपला तरी ते येतच राहिले. सवय झाली होती. वर्गातली काही मुले मात्र डिसेंबरात खरचटलेले गुडघे घेऊन येत. रात्री पेट्रोमॅक्सच्या उजेडात सामने होत. वजनी गटासाठी आम्हाला भात तोलायच्या काट्यावर उभे करीत. (मी दोनदा जास्त भरलो. तिथेच माझी कबड्डी संपली आणि वाचन सुरू झाले.) मुली या खेळात नव्हत्याच. त्यांना लेझीम, तेही २६ जानेवारीपुरते.

हा नुसता आठवणींचा विषय नाही. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, आणि महाराष्ट्र शासनाने २००५ पासून नोकरीत खेळाडूंना ५ टक्के जागा राखल्या आहेत. दोन्हींसाठी मान्य स्पर्धेचे प्रमाणपत्र लागते. शालेय स्पर्धांची वाट चौदा वर्षांखालच्या गटापासून, म्हणजे सातवी-आठवीच्या वयातच सुरू होते. गावकीच्या सामन्यात मिळालेला चषक तिथे चालत नाही.

गेल्या जानेवारीत रोह्याजवळच्या एका गावात सामने पाहायला गेलो होतो. चढाई करणारा एक मुलगा विलक्षण चपळ होता. सातवीत आहे म्हणाला. शाळेच्या संघात आहेस का, विचारले. शाळेत संघ आहे हेच त्याला माहीत नव्हते. त्याच्या शेजारी बसलेल्या बहिणीला माहीत होते. ती म्हणाली, नाव द्यायची तारीख सप्टेंबरात होती, तेव्हा पाऊस होता.