खारे वारे, मतलई वारे आणि मॉन्सून : एका स्पष्टीकरणाचा इतिहास

समुद्रावरून जमिनीकडे येतो तो खारा वारा आणि जमिनीवरून समुद्राकडे जातो तो मतलई वारा, हे आपल्याला ठाऊक आहेच. शिडाच्या होड्यांच्या काळात पहाटेच्या मतलई वाऱ्यावर होडी समुद्रात न्यायची आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर किनाऱ्याला परतायचे, हा कोळ्यांचा नित्याचा हिशोब होता. वारे असे प्राचीन काळापासून परिचयाचे. त्यांचे शास्त्रीय स्पष्टीकरण मात्र गेल्या साडेतीनशे वर्षांतले आहे. त्या स्पष्टीकरणाचा आपण वर्गात जरा अतिरेकी वापर करतो, असे आम्हांला वाटते.

धूमकेतूमुळे प्रसिद्ध असलेल्या एडमंड हॅलीने १६८६ मध्ये व्यापारी वारे आणि मॉन्सून यांवर एक निबंध लिहिला आणि सोबत वाऱ्यांचा नकाशाही जोडला. सूर्याच्या उष्णतेने हवा तापते, हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला थंड हवा धावते, हे त्याचे मूळ सूत्र. पुढे १६९९ मध्ये विल्यम डॅम्पियर या दर्यावर्दीने (हा एके काळचा समुद्री चाचा!) किनाऱ्यावरील वाऱ्यांचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले. सकाळी नवाच्या सुमारास खारा वारा हळूच सुरू होतो, दुपारी जोर धरतो आणि संध्याकाळी मंदावतो, ही त्याची नोंद आजही पडताळून पाहता येईल.

पण जमीन पाण्यापेक्षा लवकर का तापते? १७६० च्या सुमारास जोसेफ ब्लॅकने दाखवून दिले, की समान वजनाच्या निरनिराळ्या पदार्थांचे तापमान सारखेच वाढवायला निरनिराळी उष्णता लागते. पाण्याला ती कोरड्या वाळूच्या सुमारे पाचपट लागते. शिवाय सूर्यप्रकाश पाण्यात खोलवर शिरतो, लाटा पाणी ढवळतात आणि बरीच उष्णता बाष्पीभवनात खर्च होते. वाळूत मात्र ती वरच्या पातळ थरातच अडकते. म्हणून दिवसा जमीन अधिक तापते, तिच्यावरील हवेचा दाब कमी होतो आणि समुद्रावरची हवा आत येते. रात्री जमीन लवकर निवते व क्रम उलटतो. इथपर्यंत सारे बिनचूक आहे.

हॅलीने हेच सूत्र मॉन्सूनलाही लावले होते. उन्हाळ्यात आशियाची भूमी तापते, म्हणून समुद्रावरचे वारे तिकडे वळतात, असे त्याचे म्हणणे. व्यापारी वाऱ्यांबाबतची त्याची चूक जॉर्ज हॅडलीने पृथ्वीच्या परिवलनाचा आधार घेऊन १७३५ मध्ये सुधारली. 'मॉन्सून म्हणजे प्रचंड खारा वारा' ही कल्पना मात्र पाठ्यपुस्तकांत घर करून राहिली.

तिच्यातली अडचण भारतीय हवामान खात्यात काम केलेल्या जॉर्ज सिम्प्सन यांनी १९२१ मध्ये मांडली. भारतीय भूमी मे महिन्यात जुलैपेक्षा जास्त तापलेली असते. मग मॉन्सूनचा भर जुलैत कसा? नागपूरचेच पाहा. दुपारचे सरासरी तापमान मे महिन्यात सुमारे ४२ अंश सेल्सिअस असते, तर ऐन पावसाळ्यात, जुलैत, सुमारे ३२. जिथे जमीन सर्वांत तापते त्या थरच्या वाळवंटात पाऊस अगदी थोडा. आणि अवर्षणाच्या वर्षी जमीन अधिक तापते, तरी पाऊस वाढत नाही. थोडक्यात, पाऊस किती पडणार हे जमीन ठरवत नाही. जमीन किती तापणार हे पाऊस ठरवतो.

मग मॉन्सून म्हणजे काय? उपग्रहांची छायाचित्रे मिळू लागल्यावर दुसरे उत्तर पुढे आले. पुण्यात जन्मलेल्या डॉ. सुलोचना गाडगीळ आणि डी. आर. सिक्का यांनी १९८० मध्ये दाखवले, की पावसाळ्यात भारतावर दिसणारा ढगांचा पट्टा विषुववृत्ताजवळच्या, दोन्ही गोलार्धांतले व्यापारी वारे एकत्र येतात त्या पट्ट्यासारखाच आहे. ऋतुमानानुसार तो उत्तरेकडे सरकून भूमीवर येतो. बाष्पाचे ढग होताना बाहेर पडणारी उष्णता हे अभिसरण चालू ठेवते. भूमीच्या तापण्याला यात स्थान आहे, पण तेच सर्वस्व नाही. गाडगीळ यांनी २०२५ मध्ये झालेल्या निधनापर्यंतच्या आपल्या दीर्घ कारकिर्दीत हा मुद्दा अनेकदा मांडला.

वर्गात वाळू आणि पाणी यांचे दोन डबे उन्हात ठेवून तापमापकाने नोंदी घेण्याचा प्रयोग जरूर करावा. खाऱ्या वाऱ्यांसाठी तो उत्तम आहे. मात्र त्यानंतर विद्यार्थ्यांना आपल्या गावाचे महिनावार तापमान आणि पाऊस यांचे आलेख एकाच कागदावर काढायला सांगावे. सिम्प्सन यांना पडलेला प्रश्न एखादी मुलगी आपणहून विचारील. तिला 'पुस्तकात असेच आहे' असे उत्तर देऊ नये, एवढीच विनंती.