या अंगाला आपण काय म्हणतो



बचत गटाचा हप्ता गोळा करताना किंवा ओट्यावर कोळंबी सोलताना आपण स्वतःच्या अंगाबद्दल काय काय बोलतो, ते एकदा कान देऊन ऐका. "मी मेली काळीच." "तिसऱ्या बाळंतपणानंतर पोट सुटलं ते सुटलंच." "फोटो नको गं, मी कुठे बरी दिसते?" शेजारीण समोर बसलेली असताना तिला आपण असं तोंडावर म्हणणार नाही. स्वतःला मात्र दिवसातून दहा वेळा म्हणतो आणि वर हसतोही.

हल्ली मुलींच्या मोबाईलवर याच्यावरचा एक उपाय दिसतो. त्याला त्या अफर्मेशन म्हणतात. सकाळी आरशासमोर उभं राहायचं आणि स्वतःच्या शरीराबद्दल चांगली वाक्यं म्हणायची, जसं "मी सुंदर आहे" किंवा "माझं शरीर मला आवडतं". आमच्यातल्या काहीजणींना हे शहरी खूळ वाटलं, काहीजणींना बरं वाटलं. म्हणून आजच्या भाषणात हे आलं कुठून ते बघू, आणि आपल्या मुलखातल्या बायांनी अंगाला लावलेले वाईट शब्द कसे परतवले, तेही बघू.

फ्रान्स देशात त्र्वा नावाचं शहर आहे. तिथे एमिल कुए नावाचे एक औषधविक्रेते होते. जन्म १८५७ चा. औषध देताना दोन चांगले शब्द बोलले, तर रोग्याला जास्त आराम पडतो, असं त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी रोग्यांना एक वाक्य दिलं. दिवसेंदिवस मी सगळ्या बाजूंनी बरा होत चाललो आहे, अशा अर्थाचं. ते झोपताना आणि उठल्यावर वीस वीस वेळा पुटपुटायचं. मोजायला काय, तर वीस गाठी मारलेली दोरी! आपल्या आजीची जपमाळच म्हणा की. १९२० च्या सुमारास त्यांचं नाव इंग्लंड-अमेरिकेपर्यंत गेलं. १९२६ साली ते वारले, पण स्वतःला चांगलं सांगण्याची ही रीत राहिली आणि पुढे पुस्तकांतून, आता मोबाईलमधून आपल्यापर्यंत पोचली.

पण नुसतं म्हटलं की होतं, असं नाही. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी २००९ साली याची परीक्षा घेतली. मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे, असं लोकांना पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दल आधीच बरं मत होतं, त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांना स्वतःबद्दल कमीपणा होता, त्यांना मात्र आणखी वाईट वाटलं. कारण सरळ आहे. तोंड एक म्हणतं आणि आतून दुसरा आवाज उठतो, "खोटं बोलतेस". ज्या बाईला सगळ्यात जास्त गरज, तिच्याच गळ्याखाली ते वाक्य उतरत नाही.

मग उतरतं काय? नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१५ साली बायांना वेगळं काम दिलं. शरीर दिसतं कसं ते बाजूला ठेवा आणि शरीर करतं काय ते लिहा. असं लिहिलेल्या बायांचं स्वतःच्या शरीराशी थोडं अधिक जमलं. हे वाचलं आणि आम्हाला जातं आठवलं. आपल्या आया-आज्या पहाटे जात्यावर बसून दुसरं काय करत होत्या? दळताना दंड भरून यायचे तेव्हा ओवीत त्या सांगायच्या की ही ताकद आईच्या दुधाची आहे. आपल्या अंगाचं कौतुक त्या आईचं नाव घेऊन करत, आणि त्यामुळे ते खोटं वाटत नसे. खुंट्याला बहुतेक वेळा दोघींचे हात असत. एक म्हणायची, दुसरी साथ द्यायची. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. त्या आता इंटरनेटवर गाणाऱ्या बायांच्या नावागावासह वाचता येतात, काही ऐकताही येतात. वेळ काढून जरूर ऐका. गिरणी आली आणि आपले हात सुटले, ते चांगलंच झालं. पण पहाटे स्वतःशी बोलायची ती घटकाही गेली.

आता दुसरी बाजू. अंगाबद्दलचे वाईट शब्द आपण आईच्या पोटातून शिकून आलो नाही. कोणीतरी ते शिकवले.

पहिला शब्द विटाळ. पाळी आली की बाजूला बसा, लोणच्याला हात लावू नका, देवघराकडे फिरकू नका. आणि काही जातींच्या माणसांचं तर सगळं अंगच बाराही महिने विटाळलेलं ठरवलं गेलं. याला चौदाव्या शतकात एका बाईनं उत्तर दिलं. चोखोबांची बायको सोयराबाई. तिच्या अभंगात ती विठ्ठलालाच विचारते, की विटाळाशिवाय जन्माला आलेला देह दाखव बरं कुठला. राजाचा असो की भटजीचा, सगळे तिथूनच आले. शिकलेली नाही, जातीनं आणि बाईपणानं दोनदा खाली ढकललेली, अशी बाई सहाशे-सातशे वर्षांपूर्वी हे बोलली, आणि वारीत ते आजही गायलं जातं.

इंग्रजांच्या काळात रिस्ले नावाच्या अधिकाऱ्यानं माणसांची नाकं मापली आणि नाकाच्या रुंदीवरून जातींचा उच्चनीचपणा सांगितला. पुढे १९०१ च्या जनगणनेचा तोच प्रमुख होता. बसक्या नाकाची मुलगी बघायला आलेले पाहुणे आजही जे पुटपुटतात, त्याला तेव्हा शास्त्राचा शिक्का मिळाला. मग १९७५ साली गोरं करणाऱ्या क्रीमची ट्यूब बाजारात आली. तिच्या नावातला 'फेअर', म्हणजे गोरा, हा शब्द काढायला २०२० साल उजाडलं. या दोन गोष्टींवर जास्त वेळ घालवत नाही, त्या तुम्हाला घरोघरी दिसतात.

खरं सांगायचं ते आपल्याच जिल्ह्यातलं. सावित्री नदी हरिहरेश्वराजवळ खाडीतून समुद्राला मिळते. तिथून नदीनं वर गेलं की महाड. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, रायगड हे नाव १९८१ साली मिळालं. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक प्याले, हे आपल्याला शाळेत शिकवलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडला दुसरी परिषद झाली. बाबासाहेब मुंबईहून पद्मावती बोटीनं निघाले, दासगाव बंदरात उतरले आणि तिथून महाडला आले. मंडपाला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. आणि २७ डिसेंबरला बाबासाहेब खास बायांशी बोलले. शाळेत याबद्दल कमीच ऐकायला मिळतं.

ते काय म्हणाले, ते आमच्या शब्दांत सांगतो. स्वतःला अस्पृश्य समजू नका. लुगडं नेसायची तुमची पद्धत ही तुमच्यावर मारलेली खूण आहे. तुम्ही कोण, हे लांबून कळावं म्हणून. गळाभर आणि कोपरापर्यंत घातलेले कथलाचे जड दागिने हीसुद्धा तीच खूण. ती पुसा. इतर बाया नेसतात तसं लुगडं नेसा. फाटकं असलं तर असू दे, स्वच्छ असू दे. मुलींना शिकवा. नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला घरात थारा देऊ नका.

त्यानंतर त्या बायांनी खरोखर लुगडं घोट्यापर्यंत सोडून नेसायला सुरुवात केली. चित्रे आणि टिपणीस यांच्या घरच्या बायांनी त्यांना नेसायला मदत केली. डोळ्यांसमोर आणून बघा. आयुष्यभर ज्यांच्या सावलीलाही लोक टाळत होते, त्यांच्या निऱ्या दुसऱ्या जातीची बाई हातानं सारखी करते आहे. आरशासमोर हजार वेळा म्हटलेल्या वाक्यात हे येणार नाही, असं आम्हाला वाटतं. तिथे शब्दही होता, हातही होता, आणि एकटी कोणी नव्हती.

इथे कोणी विचारेल, की स्वतःला आहे तसं स्वीकारा म्हणता, आणि बाबासाहेब तर बदला म्हणाले? आम्हीही यावर बराच वाद घातला. शेवटी उत्तर मिळालं ते अलिबाग-मुरूडच्या मासळीबाजारात. आमच्या कोळणी आणि आगरी बाया पिढ्यान् पिढ्या गुडघ्यापर्यंत आखूड, कासोटा घालून लुगडं नेसत आल्या. होडीपाशी पाण्यात उतरायला, मिठागरात राबायला, डोक्यावर चुंबळ आणि वर पाटी घेऊन झपझप चालायला ते सोयीचं. ते लुगडं हा त्यांचा तोरा, लग्नाच्या हळदीतसुद्धा मिरवायचा. म्हणजे एकाच जिल्ह्यात एकीनं आखूड लुगडं सोडलं आणि दुसरीनं ते मानानं ठेवलं. दोघीही बरोबर होत्या. एकीला ते दुसऱ्यानं लादलेलं होतं, दुसरीचं ते स्वतःचं होतं. बाबासाहेबांनी त्या बायांना अंग बदला म्हटलं नव्हतं. अंगावर दुसऱ्यांनी चिकटवलेलं काढा म्हटलं होतं.

गोंदणाचंही तसंच आहे. हातावरची तुळस, कपाळावरचा ठिपका. मेल्यावर सोनंनाणं इथेच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं म्हाताऱ्या सांगायच्या. आज मुलींना ते लपवावंसं वाटतं, आणि शहरातल्या मुली पैसे मोजून टॅटू काढतात! नवरा गेल्यावर कुंकू पुसणं आणि बांगड्या फोडणं हेही दुसऱ्यांनी अंगावर केलेलंच काम. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये त्याविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या गावांनाही तसं करायला सुचवलं. आपल्या ग्रामसभेत हा विषय कोणी काढला आहे का, ते विचारा.

आता गटात करून बघायचं ते सांगतो. "मी सुंदर आहे" हे वाक्य गळ्याखाली उतरत नसेल तर सोडून द्या. खरं आणि मोजता येईल असं म्हणा. "या डोक्यानं वीस वर्षं पाटी वाहिली." "या पोटात तीन लेकरं वाढली." "हे पाय मला रोज बाजारापर्यंत नेतात." आणि हे स्वतःबद्दल म्हणायला जड जात असेल, तर शेजारणीबद्दल म्हणा, आणि तिनं तुमच्याबद्दल म्हणावं. जिला लेकरू नाही तिच्यासमोर लेकरांचं वाक्य नको, एवढं भान ठेवा.

आणि एक. पाय दुखतात, जिना चढताना धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, तेव्हा चांगल्या वाक्यावर भागवू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या बायांपैकी ५४ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं तर ते कमी. उपकेंद्रात तपासून मिळतं, लोहाच्या गोळ्याही मिळतात. पुढच्या बैठकीच्या दिवशी आशाताईंना बोलावून घ्या आणि सगळ्याजणी एकदमच बोट पुढे करा.