ब्रुकवुडची माती

स्मशानातून परतताना मागे वळून पाहू नये, हा आपल्याकडचा संकेत. त्यामुळे इंग्लंडमधील वोकिंग या गावी केवळ एक दफनभूमी पाहण्यासाठी जावे, हे सांगताना थोडे अवघडल्यासारखे होते. पण मुंबईच्या इतिहासाची काही पाने मुंबईत नाहीत, ती वोकिंगजवळच्या ब्रुकवुड येथे आहेत.

१८४८-४९च्या पटकीच्या साथीत लंडनमध्ये सुमारे १४,००० माणसे दगावली. चर्चच्या अंगणांतील दफनाच्या जागा आधीच ओसंडत होत्या. १८५२मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने एक कंपनी स्थापन झाली. तिने वोकिंगच्या माळावर सुमारे २,००० एकर जमीन घेतली आणि नोव्हेंबर १८५४मध्ये तिच्या एका भागावर दफनभूमी उघडली. राजधानीपासून इतक्या दूर प्रेते न्यावयाची कशी? आगगाडीने. वॉटर्लूजवळच्या खास स्थानकातून मृतांची गाडी सुटे. दफनभूमीतही दोन स्थानके होती, एक अँग्लिकनांचे, दुसरे इतर पंथीयांचे. शवपेट्यांनाही पहिला, दुसरा व तिसरा वर्ग असे. शोक करणाऱ्यांस परतीचे तिकीट मिळे, मृतास अर्थातच एकेरी! लंडनचे बिशप ब्लोमफील्ड यांनी १८४२मध्येच पार्लमेंटच्या समितीपुढे हरकत घेतली होती, की भिन्न चारित्र्याच्या माणसांची प्रेते एकाच गाडीतून नेणे अनुचित आहे. आपल्या जातवार स्मशानांवर हसणाऱ्या साहेबाची ही दुसरी बाजू ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मात्र कंपनीच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे: लंडनमध्ये कंगालांना सामायिक खड्ड्यात पुरत, येथे त्यांना स्वतंत्र खड्डा मिळे. त्यावर दगड मात्र नसे. येथे पुरलेल्या सव्वादोन लाखांहून अधिक माणसांपैकी बहुतेकांचे नाव जमिनीवर कोठेच नाही. एप्रिल १९४१मध्ये लंडनचे ते स्थानक बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाले आणि ही गाडी कायमची थांबली.

आज ब्रुकवुडच्या फलाटाला लागूनच दफनभूमीत शिरता येते. आत शिरताच नजर भरते ती वेलिंग्टोनियाच्या झाडांनी. अमेरिकेतील या महावृक्षाचे बी ब्रिटनमध्ये आले ते १८५३मध्ये, आणि लगेच येथे त्याच्या रांगा लावल्या गेल्या. त्यांच्या तांबूस, भुसभुशीत सालीला हात लावला तर ती ऊबदार वाटते. खाली हेदर, रोडोडेंड्रॉनच्या जाळ्या आणि कलंडलेले क्रूस. कंपनीने बाग आखली होती, काळाने तिचे रान केले.

या रानात एक कोपरा पारशांचा आहे. १८६१मध्ये विलायतेतील पारशांनी निधी उभारला आणि पुढील वर्षी येथे जागा घेतली. प्रश्न साधा नव्हता. जरथुष्ट्री धर्मात माती, पाणी, अग्नी ही तिन्ही पवित्र. प्रेताने ती विटाळू नयेत म्हणून दखमा. विलायतेत दखमा उभारणार कोठे आणि गिधाडे आणणार कोठून? तेव्हा पवित्र मातीतच पुरणे आले. धर्मशास्त्राचा हा पराभव म्हणावा की स्थलांतरिताचे शहाणपण? मला दुसरे उत्तर पटते.

आपल्याकडे जमशेटजी टाटांचा पाठ्यपुस्तकी जीवनपट नागपूरची एम्प्रेस मिल, ताजमहाल हॉटेल आणि पोलादाचे स्वप्न येथे संपतो. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे ते निवर्तले आणि ब्रुकवुडला विसावले. लेडी मेहेरबाई जून १९३१मध्ये वेल्समध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांच्या समाधीच्या दर्शनास वर्षभराने निघालेले पती दोराबजी वाटेतच, ३ जून १९३२ रोजी बाड किसिंगन येथे वारले. त्यांना पत्नीजवळच आणण्यात आले. त्याच वर्षी मेहेरबाईंच्या नावे रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी निधी उभा राहिला होता. परळचे टाटा मेमोरिअल रुग्णालय १९४१मध्ये उघडले. परळच्या त्या दाराशी गावोगावचे रुग्ण आजही येतात. त्या कथेचे एक टोक या झाडांखाली आहे, हे त्यांच्यापैकी कितींना ठाऊक असेल?

पण मी ज्याच्यापाशी अधिक वेळ थांबलो तो धनिक नव्हता. शापूरजी सकलातवाला हा जमशेटजींचा भाचा. मुंबईत जन्मला, टाटांच्या पदरी लोहखनिजाच्या शोधात रानोमाळ हिंडला, १९०५मध्ये इंग्लंडला आला आणि कम्युनिस्ट झाला. बॅटरसी नॉर्थच्या मजुरांनी त्याला दोनदा पार्लमेंटमध्ये पाठवले. १९२५मध्ये त्याने टाटांची नोकरी सोडली. याच भूमीत मंचरजी भावनगरीही आहेत. तेही पार्लमेंटचे सभासद, पण हुजूर पक्षाचे आणि साम्राज्याचे कट्टर पाठीराखे. सकलातवालाशी त्यांचे राजकारण जुळणे शक्यच नव्हते.

जानेवारी १९३६मध्ये सकलातवाला गेला. त्याचे दहन झाले, म्हणजे मातीऐवजी अग्नी! रक्षा मात्र येथे आणली गेली आणि आईवडिलांच्या व मामाच्या सान्निध्यात ठेवली गेली. ज्या भांडवलाविरुद्ध तो आयुष्यभर बोलला, त्याच्या भव्य दगडी समाध्या तेथून हाकेच्या अंतरावर आहेत. मी उभा होतो तेव्हा वेलिंग्टोनियाची वाळकी फळे खाली पडत होती, समाध्यांच्या पायऱ्यांवर आणि बाजूच्या गवतातही.