हाली, कलदार आणि पिक्चर ट्यूब

भाव उतरला म्हणून आमचे आजोबा, आबा, कधी घाबरले नाहीत. कापूस पडला तर घरात भरून ठेवायचे, कांदा पडला तर चाळीत. वैजापूरच्या मोंढ्यात पट्टी हातात पडल्यावर आडत्याला शिव्या घालणाऱ्यांत ते नसायचे. "भाव गेला तसा येतो," एवढंच म्हणायचे. त्यांना धास्ती होती ती वेगळ्याच गोष्टीची, आणि तिच्यामागे होता हाली रुपया.

चारमिनारचं चित्र असलेला निजामाचा हा रुपया. वैजापूर निजामाकडे, तर शेजारचे येवले आणि कोपरगाव इंग्रजांकडे. बाजाराला निघालं की पैसाही बदलून घ्यावा लागे. सात हालीला सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, हा सरकारी दर. सराफाचा बट्टा वेगळा. पणजोबांचा यात हात बसलेला. कापूस पलीकडे कलदारात विकायचा, मजुरी आणि सारा इकडे हालीत चुकवायचा. शिल्लक पडेल ती मडक्यात, तीही हालीतच.

17 सप्टेंबर 1948 नंतर निजामाचं राज्य गेलं. हाली मात्र लगेच गेला नाही. काही वर्षं दोन्ही नाणी चालली, मग दुकानदार हाली घ्यायला कुरकुरू लागले. पणजोबा थांबले. दर सुधारेल, मग बदलू! कापसाला लावलेला नियम त्यांनी नाण्यालाही लावला. शेवटी मडकं सोनारापुढे रिकामं झालं आणि त्यानं कस लावून नुसत्या चांदीचे पैसे दिले.

ही गोष्ट आबा हसत सांगायचे, पण काकांनी शेअर घ्यायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी हसणं सोडलं. काका शाळामास्तर. कंपन्यांचे अर्ज भरायचे. रजिस्टर पोस्टानं आलेली नक्षीदार सर्टिफिकेटं सातबाराच्या पिशवीत ठेवायचे. 22 एप्रिल 1992 ला सेन्सेक्स 4,467 वर गेला. लगेच शेअरदलाल हर्षद मेहताचं घोटाळ्याचं प्रकरण पत्रकार सुचेता दलाल यांनी बाहेर काढलं आणि बाजार कोसळला. काकांचं जेवणावरचं लक्ष उडालं. आबांनी एकच विचारलं, "भाव पडलाय, की माल नासलाय?" कंपनी चालू आहे, काका म्हणाले. "मग थांब की."

एवढ्या नेमक्या शब्दांत हा प्रश्न मी नंतर कुठल्याही तज्ज्ञाच्या तोंडून ऐकला नाही.

माल नासतो कसा, ते आमच्याच जिल्ह्यानं पाहिलं. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना. 1982 च्या आशियाई स्पर्धांपासून देशात रंगीत टीव्ही आला आणि पुढे हे नाव घरोघरी पोचलं. आमच्याकडेही त्यांचाच संच होता. रविवारी रामायणाला ओटा भरायचा, एक पोरगं पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचं आणि खालून ओरडा व्हायचा, "आलं, आलं, गेलं!" संच वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला. पण 2005 मध्ये या कंपनीनं फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको, चीन अशा चार देशांतले कारखाने! आणि नेमके तेव्हाच दुकानांतून चपटे पडदे झळकू लागले होते. पुढे कंपनी बुडायला टेलिफोनचा धंदा होता, तेलाचा होता, कर्ज तर होतंच. 2018 मध्ये प्रकरण दिवाळखोरीत गेलं, 2021 मध्ये शेअरचे व्यवहार थांबले. हिशेबतपासनीस ट्यूबला किती दोष देतील तो देवोत, मला मात्र ती खरेदी पणजोबांच्या मडक्यासारखी वाटते. काच उत्तम होती, कारागिरी उत्तम होती, फक्त चलन बदललं होतं.

23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 3,934 अंकांनी आपटला, तेव्हा पुतण्या मोबाइल घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. त्याला मी आबांचा प्रश्न विचारला. तो थांबला, आणि वर्ष संपेपर्यंत बाजार 47,000 च्या पुढे गेला. तेव्हापासून मी त्याच्या लेखी जाणकार आहे, जे मी मुळीच नाही.

हल्ली तो मला चेतकवरून छळतो. मोटारसायकलींच्या लाटेत बजाजची ती स्कूटर बंद पडली आणि 2020 मध्ये विजेवरची होऊन परत आली. जुनी चेतक सकाळी चालू होईना तेव्हा काका ती बाजूला कलती करायचे, मग किक मारायचे. नव्या चेतकला कलती करायचं कारणच उरलं नाही. पुतण्याचं म्हणणं, "काका, ही तर परत आली ना? मग हाली का येऊ नये?" मी सांगतो, परत आलं ते नाव, स्कूटर नवीच आहे. त्याला हे पटत नाही. तो म्हणतो, शेअर नावालाच असतो, इंजिनाला नाही. आणि आबा असते तर याचं काय उत्तर देते, ते अजून मला सुचलेलं नाही.