होला : अशुभाचा दूत की शांतीचा?

‘होला घरात शिरला, आता काहीतरी वाईट होणार,’ असं गटाच्या बैठकांत आमच्या कानावर येतं. म्हणून आज या पाखराचा इतिहास सांगतो.

आधी पाखरू नीट पाहू. होला आणि पारवा एकाच कुळातले. होल्याचं घरटं म्हणजे चार काटक्यांची विरळ मांडणी. त्यात बहुधा दोनच अंडी. नर-मादी पाळीपाळीनं ती उबवतात. पिल्लं निघाली की दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा घट्ट रस तयार होतो, तोच पिल्लांना भरवतात. म्हणजे इथे बापालाही पान्हा फुटतो! आपल्या दारात सांडलेले दाणे मिळतात, वळचणीला आसरा मिळतो, म्हणून होला घराजवळ येतो. दुसरं कारण नाही.

तरी माणसानं त्याला शकुन-अपशकुन चिकटवले. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एक सूक्त आहे. त्यात घरात आलेला कपोत निर्ऋतीचा, म्हणजे विनाशाच्या देवतेचा दूत मानला आहे. आमच्या माणसांना, गाईगुरांना त्याच्यापासून त्रास न होवो, अशी प्रार्थना तिथे केली आहे.

पुढे महाभारतात हाच कपोत शिबी राजाच्या मांडीवर येतो. मागे ससाणा लागलेला. शरण आलेल्या पाखराला वाचवायला राजा स्वतःचं मांस तराजूत घालतो. इथे कपोताच्या रूपात साक्षात अग्निदेव असतो. बौद्धांनीही ही कथा आपली मानली. आपल्या अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात शिबीची कथा चितारलेली आहे.

तिकडे बायबलमध्ये महापुरानंतर नोहाच्या तारवाकडे कबूतर ऑलिव्हचं पान घेऊन परत येतं. पाणी ओसरल्याची ती खूण. 1949 साली पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी पिकासोचं कबूतर भित्तिपत्रकावर आलं आणि ते जगभर शांतीचं चिन्ह झालं.

बघा, एकाच कुळातलं पाखरू. कुठे विनाशाचा दूत, कुठे देव, कुठे शांती. पाखरू बदललं नाही, माणसाची नजर बदलली.

हे सांगायचं कारण असं की आपण बाईलाही असाच शिक्का मारतो. नवरा गेला की कालपर्यंतची सवाष्ण हळदी-कुंकवाला नकोशी होते. तिच्यात काय बदललं? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं.

होला वळचणीला बसला तर बसू द्या. आणि पुढच्या हळदी-कुंकवाला गटातली प्रत्येक बाई बोलवा. पहिलं कुंकू तिलाच लावा, जिला आजवर कुणी लावलं नाही.