खबरीची सनद

दरवर्षी सप्टेंबर आला की आमच्या उर्दू माध्यमाच्या वर्गात हा प्रश्न निघतोच. "सर, वो दोनों बिल्डिंगें अंदर बम लगा के गिराए थे ना?" विचारणारा मुलगा नववीतला, म्हणजे त्या घटनेनंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेला. प्रश्न त्याचा स्वतःचा नसतो, घरातल्या कुणाचा तरी असतो. घरात तो कुठून आला हेही आम्हांला ठाऊक आहे. 2001 साली आम्ही शाळकरी होतो आणि इशाच्या नमाजनंतर मशिदीबाहेरच्या ओट्यावर बसणाऱ्या बुजुर्गांच्या तोंडून हेच ऐकत होतो. न्यूयॉर्क नकाशात दाखवता येत नव्हते. पण त्या दिवशी चार हजार यहुदी कामावर गेलेच नाहीत, हे मात्र तोंडपाठ होते.

मुलाला गप्प बसवणे सोपे असते. आम्ही तसे करत नाही. त्याला विचारतो, या खबरीची सनद काय?

हा शब्द आमच्या मुलांना नवा नाही. दीनियातच्या तासाला ती शिकतात की मुहद्दिसांनी कोणतीही हदीस स्वीकारण्याआधी सांगणाऱ्यांची साखळी पाहिली. कुणी कुणाकडून ऐकले, दोघांची भेट होणे शक्य होते का, सांगणारा खरे बोलणारा होता का? रावींची चरित्रे तपासता तपासता अस्मा-उर-रिजाल नावाचे स्वतंत्र शास्त्र उभे राहिले. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत तर बेभरवशाच्या माणसाने आणलेली खबर पारखून घेण्याची ताकीदच आहे. असा वारसा असलेल्या समाजाने चार हजारांची गोष्ट ओट्यावर बसल्या बसल्या मान्य करावी, याचे आम्हांला आजही आश्चर्य वाटते.

तिची सनद सापडते. 12 सप्टेंबर 2001 रोजी 'जेरुसलेम पोस्ट'ने छापले की हल्ला झालेल्या भागांत असावेत असे वाटणाऱ्या सुमारे चार हजार इस्रायलींची नावे त्यांच्या परराष्ट्र खात्याकडे आली आहेत. ती चौकशी होती, घाबरलेल्या नातेवाइकांची. पाच दिवसांनी, 17 तारखेला, लेबनॉनच्या अल-मनार वाहिनीने हाच आकडा उचलला आणि "चार हजार जण गैरहजर राहिले" असा फिरवला. बेपत्ता असण्याची भीती गैरहजर असण्याचा पुरावा बनली. पुढे ती जगभर पसरली, आमच्या ओट्यापर्यंतही आली. प्रत्यक्षात मृतांत यहुदी शेकड्यांनी होते.

मुसलमानही होते, आणि ही बाब आमच्या ओट्यावर कधी कुणी काढली नाही. दक्षिण मनोऱ्याच्या सतराव्या मजल्यावर नमाजची खोली होती. मोहम्मद सलमान हमदानी हा कराचीत जन्मलेला 23 वर्षांचा तरुण प्रथमोपचाराचे शिक्षण घेतलेला होता. त्या सकाळी तो मदतीला धावला आणि परतला नाही. सापडेना म्हणून त्याच्यावरच संशय घेतला गेला. पुढे अवशेष ढिगाऱ्यात सापडले, तेव्हा कुठे त्याच्या आईवडिलांना मुलाचे नाव साफ करून मिळाले. आमचे बुजुर्ग ज्याला नाटक म्हणत होते, त्या नाटकात हा मुलगा मेला होता.

आता इमारतींकडे येऊ. "लोखंड आगीने वितळत नाही" हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. पोलाद वितळायला साधारण दीड हजार अंश लागतात, विमानाच्या इंधनाची आग तिथवर जात नाही. पण वितळण्याची गरजच काय? आमच्या वर्धा जिल्ह्यात ज्यांनी बंडीच्या चाकाला धाव चढवताना पाहिली आहे त्यांना हे शिकवावे लागत नाही. गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल होते, फुगते, लाकडी चाकावर बसवली जाते आणि पाणी ओतले की आवळते. वितळत नाही; पण वाढते आणि नरम पडते. सहाशे अंशांच्या आसपास पोलादाची जवळजवळ निम्मी ताकद निघून जाते. विमानांच्या धडकेने खांबांवरचा आगरोधक लेप उडाला होता, जमिनींच्या कैच्या खचून त्यांनी बाहेरचे खांब आत ओढले. दक्षिण मनोरा धडकेनंतर 56 मिनिटांनी आणि उत्तर मनोरा 102 मिनिटांनी कोसळला.

सातव्या क्रमांकाच्या इमारतीवर मात्र विमान आदळले नव्हते, आणि तरी 47 मजली ती इमारत सायंकाळी 5 वाजून 20 मिनिटांनी पडली. हा प्रश्न रास्त आहे, त्याची खिल्ली उडवू नये. अमेरिकेच्या सरकारी तपासणी संस्थेचा अहवाल यायला 2008 उजाडले. विझवायला पाणी नसल्याने आग सुमारे सात तास धुमसत राहिली, तुळया धावेसारख्या फुगून आधारावरून सरकल्या आणि 79 क्रमांकाचा खांब आधी गेला, असे त्यात आहे. पडताना सव्वादोन सेकंद ती जवळपास मुक्तपणे खाली आली, हा आक्षेपही संस्थेने अंतिम अहवालात मान्य करून घेतला. ज्याला शंका आहे त्याने हा अहवाल वाचून त्यावर बोट ठेवावे. आमच्या एका सहकाऱ्याने ते न करता आम्हांला अमेरिकेचा वकील ठरवले. आम्ही चहा मागवला आणि सनद पुन्हा विचारली.

संशय घेण्याची कारणे आपल्यापाशी नाहीत असे मुळीच नाही. इराकमध्ये महासंहारक अस्त्रे आहेत असे सांगून 2003 साली युद्ध झाले, अस्त्रे निघाली नाहीत. आपल्याकडे मालेगावात 8 सप्टेंबर 2006 रोजी स्फोट झाले, नऊ मुसलमानांना अटक झाली, आणि 2016 साली विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोवर त्यांतला एक जण हयात नव्हता. पण हे खोटेपण उघडे पडले ते कागदपत्रांनी आणि वकिलांच्या चिकाटीने. ओट्यावरच्या कुणीही त्यांची सुटका केली नाही.

आणि अफवेचे टोक उलट फिरते तेव्हा काय होते, हे आम्ही आमच्याच जिल्ह्यात अनुभवले. 31 मे 2016 च्या मध्यरात्रीनंतर पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडाराला आग लागली. आमचे बिऱ्हाड तेव्हा देवळीला होते; खिडक्यांच्या काचा थरथरल्या. आगरगाव, नागझरी, पिपरीची माणसे रात्रीच घर सोडून निघाली. एकोणीस जण गेले, त्यांत आग विझवायला आत शिरलेले जवान होते. पहाट होण्याआधीच "घातपात" हा शब्द फिरू लागला. फजरला आलेल्या माणसांनी एकमेकांना सलाम केला आणि कुणी काही बोलले नाही. मेलेल्यांचे दुःख होतेच. पण आता कुणाचे नाव येते, ही धाकधूक प्रत्येकाच्या मनात होती. 2001 साली ओट्यावर सर्वांत जास्त बोलणारे चाचा त्या दिवशी सर्वांत गप्प होते. पुढे बोट दाखवले गेले ते रणगाडाविरोधी सुरुंगांतून पाझरणाऱ्या स्फोटकाकडे, म्हणजे सदोष मालाकडे.

नववीच्या त्या मुलाला आम्ही शेवटी मुंब्र्याजवळच्या शिळफाट्याची इमारत सांगितली. 4 एप्रिल 2013 ची संध्याकाळ. लकी कंपाउंडमधली, अवघ्या काही आठवड्यांत उभी केलेली, परवानगी नसलेली इमारत. वर काम चालू आणि खालच्या मजल्यांवर माणसे राहायला आणलेली, कारण माणसे राहू लागली की पाडकाम अवघड होते. 74 जण मेले, त्यांत 18 लहान मुले. बिल्डरांबरोबर महापालिकेचे अधिकारी आणि पोलीसही पकडले गेले. महाडची तारिक गार्डन 24 ऑगस्ट 2020 रोजी पडली तेव्हा ती दहा वर्षांचीही नव्हती. तिथे 16 गेले.

"यहाँ तो सच में साज़िश थी," मुलगा म्हणाला.

होती, आम्ही म्हणालो. आणि मग त्याने विचारले की मुंब्र्याच्या त्या इमारतीत सिमेंट किती होते, रेती किती होती, आणि ते मोजणारा कोण होता. तास संपल्याची घंटा झाली होती. तरी आम्ही फळ्यावर दोघांचे प्रमाण मांडायला सुरुवात केली.