तळटीप : धड दिसणारी केबल

* हडसन नदीखालून जर्सी सिटीचे एक्स्चेंज प्लेस मॅनहॅटनला जोडणारा ‘पाथ’ रेल्वेचा हा बोगदा १९०९ सालचा. ऑक्टोबर २०१२मध्ये सँडी वादळात त्यात खारे पाणी शिरले. महिन्याभरात गाड्या सुरू झाल्या. पण केबलींत, सिग्नलच्या जोडांत मुरलेले मीठ धातू खातच राहिले. शेवटी २०१९पासून शनिवार-रविवारी मार्ग बंद ठेवून दुरुस्ती करावी लागली. अवचित तडाखे सोसणाऱ्या सामानाचे नुसते वय पाहून भागत नाही. साचलेले नुकसान किती आणि पुढचा तडाखा पेलेल का, हे ताडावे लागते. नदीखाली गाडी अडकेपर्यंत वाट कशी पाहायची? त्यामुळे धड दिसणारी केबल बदलणे ही उधळपट्टी, हे लेखकाचे मत मला मुळीच पटत नाही. — संपा.